३००बी आणि हेरेसी: आठ वॅटमध्ये डग्गा कसा वाजतो, वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळा संपता संपता डावीकडच्या स्पीकरमधला डग्गा पातळ व्हायला लागला. जुनं मोनो रेकॉर्डिंग लावलं तरी खालचे सूर उजवीकडे झुकलेले आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र बरोबर मध्ये. तिथून दुरुस्ती, दुरुस्तीवरून भांडण, आणि त्या काळात दुसऱ्याच अ‍ॅम्पवर जे ऐकलं त्यामुळे माझं मत बदललं. कमी वॅटच्या अ‍ॅम्पकडून दमदार बेस हवा असेल, तर वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा असं आता माझं ठाम म्हणणं आहे.

जोडणी अशी: क्लिप्श हेरेसी थ्री, सेकंडहँड घेतलेले. बारा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), बंद पेटी, कंपनीचा आकडा ९९ डीबी, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर एवढा आवाज. अ‍ॅम्प ३००बी या व्हॉल्व्हचा, सिंगल-एंडेड (चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह), चॅनलला आठ वॅट, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत आणून केलेली दुरुस्ती) अजिबात नाही. अ‍ॅम्प बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचा साधा हॉल, स्पीकर भिंतीला जवळजवळ टेकलेले. हेरेसी ५८ हर्ट्झच्या खाली उतरत नाही हे घेतानाच माहीत होतं. सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर हा स्पीकर त्यासाठी नाही.

वॅटची चिंता पहिल्याच आठवड्यात संपली. ९९ डीबीच्या स्पीकरला आठ वॅट दिले की एका मीटरवर १०८ डीबी होतात. तेवढ्याच आवाजासाठी ८७ डीबीच्या स्पीकरला सव्वाशेच्या वर वॅट लागतील. रोजचं ऐकणं एका वॅटच्या आतच उरकतं. शिवाय ३००बीवर गळा जसा उभा राहतो, त्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही. आलापीतला श्वास आणि तारसप्तकातली धार इतकी मोकळी मी घरात आधी कधी ऐकली नव्हती.

प्रश्न डग्ग्याचा होता. माझ्यासाठी बेस म्हणजे डग्गा. त्यातही घिस्सा: मनगट पुडीवर दाबत पुढे सरकवलं की सूर चढत जातो, तो. चांगल्या जोडणीवर हा चढ सलग ऐकू येतो, खालून वर, एकाच वजनाने. माझ्याकडे घिस्सा खाली सुरू व्हायचा तेव्हा भरगच्च घुमायचा आणि जरा वर सरकला की अंग चोरायचा. सुरुवातीचे महिने मला तो भरगच्चपणा फार आवडला. येणारे-जाणारेही म्हणायचे, एवढ्याशा अ‍ॅम्पला केवढा बेस आहे. पण विलंबित एकतालात ठेका तासभर ऐकला की दर आवर्तनात त्याच जागी फुगवटा यायचा, आणि एकदा कानाला तो सापडल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. काळी एकच्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो, तोही बाकीच्या तारांपेक्षा मोठा वाटायचा. पांढरी चारच्या गायकाला हा त्रास कमी, कारण त्याचा खर्ज ८७ हर्ट्झला.

याचं कारण अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्समध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या विरोधात आहे. आठ ओहमचा स्पीकर सगळीकडे आठ ओहमचा नसतो. बंद पेटीच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे वूफर ज्या सुराला आपोआप घुमतो तिथे, तो तीस ओहमपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच्या वर सहापर्यंत उतरू शकतो. फीडबॅक नसलेल्या ३००बीचा स्वतःचा इम्पिडन्स दोन-अडीच ओहम. म्हणजे जिथे स्पीकर तीस ओहमचा आहे तिथे जवळजवळ सगळं व्होल्टेज स्पीकरला मिळतं, आणि जिथे सहाचा आहे तिथे पाव हिश्शाहून जास्त अ‍ॅम्पमध्येच राहतं. हिशोब केला तर फरक सव्वादोन डीबीचा येतो. वर डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पिडन्स भागिले अ‍ॅम्पचा) साडेतीनच्या आसपास, त्यामुळे थाप संपल्यावर वूफरचा पडदा लगेच थांबत नाही. घुमक लांबते.

हा आकडा घरी मोजता येतो. तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ८.२ ओहम, २० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर आणा. स्पीकर काढून एक रेझिस्टर लावा, १०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात सोडा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून व्होल्टेज बघा. मग दुसरा रेझिस्टर पहिल्याला पॅरलल लावा आणि परत बघा. वायरी बदलताना अ‍ॅम्प बंद ठेवा; लोड न लावता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवायचा नाही, हे पथ्य कडक पाळा. माझ्याकडे आधी २.०१ आणि मग १.६४ व्होल्ट आले. व्होल्टेज जितकं पडलं त्याला करंट जितका वाढला त्याने भागायचं (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टर, आधी ८.२ आणि मग ४.१ ओहम). उत्तर २.४ ओहम.

आता बिघाडाकडे येतो. डावीकडचा बेस गेल्यावर मी दोन्ही ३००बी एकमेकांच्या जागी लावून पाहिले. दोष डावीकडेच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत. विक्रेत्याच्या सर्व्हिसवाल्यांना हे फोनवर आणि लेखी, दोन्ही सांगितलं. तरीही अ‍ॅम्प पाठवून दिल्यावर उत्तर आलं की ३००बीची मॅच्ड पेअर, म्हणजे सारख्या मापाची जोडी, बदलावी लागेल. त्या जोडीच्या किमतीत एक बरा नवा अ‍ॅम्प येतो. मी नकार दिला, तेव्हा तपासणीचे पैसे लावले, आणि एवढ्या जड पेटीचं जाण्या-येण्याचं कुरिअर माझ्याच खिशातून गेलं. ग्राहकाने निदान हातात आणून दिलेलं असताना त्याला महागडी जोडी विकायला बघणं मला फार लागलं, आणि अजून तो राग गेलेला नाही.

शेवटी जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पेठेतल्या एका काकांकडे नेला. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ईएल ८४ व्हॉल्व्ह ज्यांनी आयुष्यभर हाताळले असे हे गृहस्थ. त्यांनी तळ उघडला आणि ३००बीच्या कॅथोडला (व्हॉल्व्हच्या एका टोकाला) जोडलेल्या रेझिस्टरकडे बोट दाखवलं. सत्तर व्होल्ट आणि सत्तर मिलिअँपिअर, म्हणजे पाच वॅटची उष्णता सतत बाहेर टाकणारा रेझिस्टर, आणि त्याला चिकटून बायपास कपॅसिटर. भाजून भाजून कपॅसिटर सुकला होता. तो सुकला की आधी खालच्या सुरांचं गेन जातं, वरचे सूर तसेच राहतात. लक्षण अगदी बरोबर जुळलं. त्यांनी दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, १०५ डिग्रीचे घातले, आणि रेझिस्टरपासून बोटभर लांब बसवले. सुटे भाग शंभर रुपयांच्या आत. हे काम स्वतः करायला जाऊ नका. आत चारशे व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतात.

अ‍ॅम्प त्यांच्याकडे असताना घर गप्प ठेवणं जमेना, म्हणून एलएम १८७५ चिपचा एक स्टिरिओ बोर्ड आणला. १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कपाटातली जुनी पेटी. चॅनलला साधारण दहा वॅट. त्यावर पहिला ठेका लागला आणि घिस्सा खालून वर सलग चढला. फुगवटा नाही, अंग चोरणं नाही, थाप पडली की पडली आणि थांबली की थांबली. बेस प्रमाणाने थोडा कमीच, पण प्रत्येक बोल वेगळा. वॅट जवळपास तेवढेच होते. फरक होता आउटपुट इम्पिडन्सचा, कारण या चिपचा तो नगण्य असतो. त्या दिवसांत ३००बी विकायचा विचार पक्का झाला होता. वीजही वाचत होती, कारण ३००बी गाणं चालू असो-नसो सव्वाशे वॅटच्या आसपास ओढतो.

विकला नाही, याचं कारण काकांनी परत देताना सांगितलेली एक गोष्ट: आठ ओहमच्या स्पीकरची वायर चार ओहमसाठी असलेल्या जोडणीवर, म्हणजे टॅपवर, लावून बघ. यात व्हॉल्व्हला दिसणारा लोड दुप्पट होतो, पॉवर निम्म्याहून थोडीच जास्त उरते, पण आउटपुट इम्पिडन्सही निम्मा होतो. मोजला तर १.२ ओहम. फुगवटा सव्वादोनवरून सव्वा डीबीवर आला. चार-पाच वॅट ९९ डीबीच्या स्पीकरला पुरतात, माझ्या हॉलला तर नक्कीच. घिस्सा चिपबोर्डइतका साफ नाही, पण आता तो एकाच हाताने वाजवलेला वाटतो, आणि गळा ३००बीचाच राहिला. रात्री अगदी हळू ऐकताना मात्र मी पुन्हा आठच्या टॅपवर जातो. हळू आवाजात कानाला बेस कमीच ऐकू येतो, तिथे तो फुगवटा उपयोगी पडतो.

एक गोष्ट टॅपने सुटत नाही: व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं लोखंड. सिंगल-एंडेडमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात एअर गॅप (हवेची फट) ठेवावी लागते आणि मग पुरेशा इंडक्टन्ससाठी गाभा मोठाच लागतो. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स दुप्पट. म्हणून जो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झला जेमतेम आठ वॅट देतो, तो ३० हर्ट्झला दोनच देईल आणि त्यापुढे सॅच्युरेट होईल, म्हणजे लोखंडाची क्षमता संपून आवाज फाटेल. जाहिरातीत लिहिलेले आठ वॅट एक किलोहर्ट्झचे असू शकतात. विक्रेत्याला ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि ३० हर्ट्झची पॉवर विचारा. बहुतेक जण व्हॉल्व्हच्या काचेबद्दल तासभर बोलतात आणि याबाबत ताकास तूर लागू देत नाहीत. हेरेसीवर मला हे फारसं जाणवत नाही, कारण स्पीकरच ५८च्या खाली जात नाही. क्लिप्शच्याच कॉर्नवॉलसारखा ३४ हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर असेल तर लहान लोखंड लगेच उघडं पडेल.

ज्यांना पखवाज, ढोलकी, बेस गिटार हेच आधी हवं आहे आणि बजेट मोजकं आहे, त्यांनी सिंगल-एंडेडच्या वाटेला जाऊ नये. दहा-पंधरा वॅटचा ट्रान्झिस्टर किंवा चिप अ‍ॅम्प घ्यावा. व्हॉल्व्हच हवा असेल तर फीडबॅक असलेला पुश-पुल (चॅनलला व्हॉल्व्हची जोडी आलटून-पालटून काम करणारा) ईएल ८४. ज्यांना गळा आधी हवा, त्यांनी ३००बी जरूर घ्यावा, पण चार ओहमचा टॅप आहे का ते बघून, आणि जाणकाराकडून तळ उघडून घेऊन कॅथोडचा कपॅसिटर रेझिस्टरला चिकटलेला नाही याची खात्री करून.