स्पॅरो वॉलेट: गोपनीयतेसाठी घ्यायचं असेल तर आधी रंग बघा

स्पॅरो हे कॉम्प्युटरवरचं बिटकॉइन वॉलेट. ते उघडलं की खाली उजव्या कोपऱ्यातल्या बटणाचा रंग बघा. पिवळा म्हणजे पब्लिक सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. वॉलेटमधल्या सगळ्या पत्त्यांची शिल्लक तिथूनच विचारली जाते, त्यामुळे हे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे त्या अनोळखी सर्व्हरवाल्याला आयतंच कळतं. टॉर (तुमचं ठिकाण लपवणारं नेटवर्क) लावलं तर आयपी, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, झाकला जातो, बिटकॉइनच्या पत्त्यांची मोळी मात्र तशीच बांधलेली राहते. निळा म्हणजे स्वतःचा इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटला पत्त्यांची माहिती पुरवणारा), हिरवा म्हणजे स्वतःचा बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्रॅम). पिवळ्यावर राहून गोपनीयतेच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

हिरव्यावर जायला पूर्ण साखळी, म्हणजे आजवरच्या सगळ्या व्यवहारांची ब्लॉकवार नोंद लागते, ती 600 जीबीच्या पुढे गेली आहे. जागा नसेल तर प्रूनिंग लावून, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसून, काही जीबीत भागतं. पण पहिल्यांदा सगळा डेटा उतरवावाच लागतो, आणि जुनं वॉलेट नंतर जोडलं तर पुसलेल्या ब्लॉकमधले व्यवहार सापडत नाहीत.

स्पॅरोचा खरा दम 'युटीएक्सओ' टॅबमध्ये आहे. बिटकॉइनमध्ये शिल्लक अशी नसतेच, असतात त्या वेगवेगळ्या रकमेच्या न खर्चलेल्या नोटा, त्यांनाच युटीएक्सओ म्हणतात. समजा एक्स्चेंजवरून आलेली 0.005 बिटकॉइनची एक नोट आहे आणि मित्राने दिलेली 0.002 ची दुसरी. 0.006 पाठवायला दोन्ही एकत्र लावल्या की दोन्ही एकाच खिशातल्या, हे कायमचं जगजाहीर. मित्राच्या नोटेलाही तुमचं केवायसी चिकटलं! म्हणून पैसे आले की लगेच लेबल लिहा, म्हणजे कोणाकडून आले याची टीप. पाठवताना हवी तीच ओळ निवडून 'सेंड सिलेक्टेड' दाबा. वापरलेल्या पत्त्यावर अनोळखी ठिकाणाहून पाच-सहाशे सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) आले असतील तर राइट क्लिक करून नोट फ्रीझ करा, म्हणजे ती खर्चात वापरली जाणार नाही. तो चुरा पुढच्या व्यवहारात ओढला जावा, हाच पाठवणाऱ्याचा डाव असतो.

सुट्ट्यांचं बघा. 0.005 मधून 0.003 दिले की शुल्क वजा जाता 0.002 पेक्षा जराशी कमी उरलेली रक्कम नव्या पत्त्यावर परत येते. गोल आकडा म्हणजे दिलेले पैसे आणि विस्कटलेला आकडा म्हणजे सुट्टे, हे पोरसुद्धा ओळखेल. सही करण्याआधी स्पॅरो व्यवहाराची आकृती दाखवतं, त्यात हे डोळ्यांनी दिसतं. एवढ्यासाठी तरी हे वॉलेट वापरावं.

'सेंड'मध्ये 'एफिशियन्सी' आणि 'प्रायव्हसी' असे दोन पर्याय आहेत. दुसरा पर्याय व्यवहार दोन माणसांनी मिळून केल्यासारखा रचतो: सारख्या रकमेची दोन आउटपुट (व्यवहारातून बाहेर पडणाऱ्या नोटा) आणि दोन वेगळे सुट्टे. त्यासाठी पाठवायच्या रकमेच्या दुपटीहून जास्त शिल्लक, तीही किमान दोन नोटांत, हवी. एकच नोट खर्चणारा साधा व्यवहार सुमारे 141 व्हीबाइटचा (व्हीबाइट म्हणजे व्यवहाराच्या आकाराचं माप, शुल्क त्यावर लागतं), हा 271 च्या आसपास. दर व्हीबाइटला 5 सातोशी असेल तर 705 ऐवजी साधारण 1,355 सातोशी शुल्क. निरीक्षक गोंधळतो हे खरं, पण सगळ्या नोटा शेवटी तुमच्याच. केवायसीची आणि बिनकेवायसीची नोट यात एकत्र घालू नका.

खरं मिक्सिंग, म्हणजे अनेक माणसांच्या नोटा मिसळून माग तोडणं, आता इथे नाही. पूर्वी त्यासाठी व्हर्लपूलची, म्हणजे सामुराई वॉलेटच्या मिक्सिंग सेवेची सोय होती. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या कारवाईत सामुराई वॉलेटच्या संस्थापकांना अटक झाली, त्यानंतर ती काढून टाकली. शिवाय भारतीय एक्स्चेंजवरून काढलेल्या नोटेचा पहिला पत्ता एक्स्चेंजच्या दप्तरी असतोच, तो कुठलंच वॉलेट पुसू शकत नाही.

बाकी: मोफत, ओपन सोर्स, फक्त बिटकॉइन, मोबाइल अॅप नाही. उतरवल्यावर 'टूल्स'मधल्या 'व्हेरिफाय डाउनलोड'ने फायलीची डिजिटल सही, म्हणजे ती अस्सल आहे का, तपासा. आणि वॉलेट बनवताना पासवर्ड विचारतो तेव्हा 'नो पासवर्ड' दाबू नका. कोणी किती दिले याची सगळी लेबलं त्याच फायलीत असतात, आणि पासवर्डशिवाय ती फाइल कोणालाही वाचता येते.