एमबीए सीईटीची पंधरा मॉकची मालिका: काठिण्य भरपूर, पण भलत्या जागी

एमबीए सीईटीच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी मी पंधरा मॉकची (सराव चाचण्यांची) एक ऑनलाइन मालिका दीड हजार रुपयांना घेतली आणि तीन महिन्यांत ती पूर्ण सोडवली. मी नाशिकला बँकेत नोकरी करते. क्लासला जाण्याइतका वेळ नव्हता, म्हणून माझी बहुतेक तयारी याच मालिकेवर उभी होती. मालिकेचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणतीही मालिका घेण्यापूर्वी तपासता येण्यासारखे आहे.

मालिकेच्या जाहिरातीत ‘प्रत्यक्ष परीक्षेपेक्षा कठीण’ असे ठळकपणे लिहिलेले आहे आणि माझा मुख्य आक्षेप नेमका त्यालाच आहे. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांवर आधारित अमूर्त तर्काचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. सुटा प्रश्न घेतला तर तो बहुतेक वेळा पदवीधराला सुटण्याजोगा असतो. अवघड असते ते अडीच तास त्याच वेगाने, मन न थकवता, एकामागून एक प्रश्न सोडवत राहणे. आयआयएमच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅट परीक्षेचा हिशेब वेगळा आहे. २०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते, तीनही विभागांना प्रत्येकी ठरलेली ४० मिनिटे होती आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण जात होता. तेथे एकेका प्रश्नाच्या खोलात शिरावे लागते. या मालिकेतल्या पहिल्या सहा मॉकमधले गणित कॅटच्या वळणाचे आहे, वेळ मात्र सीईटीची आहे. त्यामुळे दोन्हींपैकी कोणत्याच परीक्षेचा सराव होत नाही आणि उमेदवाराचा धीर तेवढा खचतो. तिसऱ्या मॉकनंतर मी आठवडाभर पुस्तक उघडले नव्हते.

पंधरापैकी सातवी ते बारावी या सहा चाचण्या मात्र उत्तम आहेत. बैठक व्यवस्थेची कोडी, विधान आणि गृहीतक, नातेसंबंध, सांकेतिक भाषा यांचे प्रमाण आणि पातळी दोन्ही प्रत्यक्ष परीक्षेला जुळणारी आहेत. कोड्यांच्या बाबतीत याच चाचण्यांनी मला एक हिशेब शिकवला. पाच प्रश्नांच्या संचाची मांडणी तीन मिनिटांत पक्की झाली, तर ते पाचही प्रश्न पुढच्या मिनिटाभरात सुटतात आणि एकूण चार मिनिटांच्या हिशेबाने प्रत्येकाला ४८ सेकंद पडतात, म्हणजे सौदा जवळपास बरोबरीचा होतो. मांडणी अडली आणि सहा मिनिटे गेली, तर त्या वेळेत सुटे आठ प्रश्न झाले असते. म्हणून दोन मिनिटांत मांडणीला आकार आला नाही तर संच तसाच सोडून पुढे जायचे, हा नियम मी नवव्या मॉकपासून पाळला आणि तर्कक्षमतेत सोडवून होणारे प्रश्न पन्नासच्या आतून साठीच्या पुढे गेले.

मालिकेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चाचणीनंतर मिळणारा वेळेचा तक्ता. कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले, उत्तर किती वेळा बदलले, बदललेले उत्तर बरोबर होते की चूक, हे सारे त्यात दिसते. माझ्या तक्त्यांतून असे दिसले की चुकलेल्या प्रश्नांवर मी बरोबर आलेल्या प्रश्नांच्या जवळजवळ दुप्पट वेळ घालवत होते. एवढी स्पष्ट गोष्ट मला स्वतःहून कधीच कळली नसती. सीईटीत विभागांना वेगळी वेळ नसल्यामुळे क्रम आपणच ठरवायचा असतो. तक्ते समोर ठेवून मी इंग्रजीला २५, आकृत्यांना १५, तर्कक्षमतेला ६५ आणि गणिताला ४० मिनिटे असा क्रम बसवला आणि शेवटची पाच मिनिटे राखून ठेवली. ज्याचे गणित पक्के आहे त्याने तो विभाग आधी घ्यावा, परंतु ती राखीव मिनिटे कोणीही सोडू नयेत. तीस प्रश्न उरले असतील आणि ते केवळ अंदाजाने भरले, तरी पाचांत एक या हिशेबाने सरासरी सहा गुण पदरात पडतात. कॅटच्या चार पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीला वजा एक असल्यामुळे निव्वळ अंदाजाची सरासरी शून्यावर येते. सीईटीत कोरा सोडलेला प्रश्न हा हातचा घालवलेला गुण आहे, आणि या मालिकेतल्या मार्गदर्शनाच्या व्हिडिओंत याचा साधा उल्लेखही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तरांच्या स्पष्टीकरणांतही सीईटीच्या स्वरूपाकडे असेच दुर्लक्ष दिसते. दोन संख्यांचे गुणोत्तर ३:५ आहे, दोन्हींत ९ मिळवल्यास ते ३:४ होते, तर लहान संख्या कोणती, असा एक प्रश्न होता आणि पर्याय होते ६, ९, १२, १५ व १८. स्पष्टीकरणात समीकरण मांडून सात ओळींत उत्तर काढले आहे. पर्यायातला ९ घेतला तर दुसरी संख्या १५ येते, ९ मिळवून १८ आणि २४ होतात आणि गुणोत्तर ३:४ जुळते. वीस सेकंदांचे काम आहे. समीकरण यायलाच हवे, त्याविषयी दुमत नाही, पण ४५ सेकंदांच्या परीक्षेसाठी शिकवणाऱ्याने दुसरी वाटही दाखवली पाहिजे.

आकृत्यांचा विभाग निराश करणारा आहे. मोबाइलवर रेषा पुसट दिसतात आणि मला चार ठिकाणी उत्तरतक्ताच चुकलेला आढळला. कळवल्यावर दोन दुरुस्त्या झाल्या, उरलेल्या दोन परीक्षेपर्यंत तशाच होत्या. तक्रारीला उत्तर मात्र सौजन्याने आणि दुसऱ्याच दिवशी येते.

मॉकमध्ये दिसणाऱ्या पर्सेंटाइलबद्दल, म्हणजे शंभरांपैकी किती उमेदवार आपल्या मागे आहेत या आकड्याबद्दल, सावध राहावे. तो त्या मालिकेतल्या काही शे उमेदवारांमधला क्रम असतो. प्रत्यक्ष परीक्षा अनेक सत्रांत होते आणि गुणांचे सामान्यीकरण करून, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतले गुण एका पातळीवर आणून, पर्सेंटाइल काढला जातो, म्हणून आपल्या सत्राचा पेपर जड वाटला तर तो सगळ्यांनाच जड गेलेला असतो. मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या नामांकित व्यवस्थापन संस्थेसाठी ९९ च्याही पुढच्या दशांशांची लढाई असते. तेथे प्रवेशाची आशा धरणाऱ्याने मॉकमधल्या ९८ वर समाधानी होऊ नये आणि पहिल्या सहा मॉकमधल्या ७० ने खचूनही जाऊ नये.

माझ्या मते पूर्ण मालिकेला पाचांपैकी तीन गुण द्यावेत. याच लोकांचा सहा चाचण्यांचा लहान संच सहाशे रुपयांना मिळतो आणि त्यात सातवी ते बारावी हेच मॉक आहेत. वेळेचा तक्ता त्यातही पूर्ण मिळतो, त्यामुळे नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांनी तोच घ्यावा. चाचण्या लॅपटॉपवर आणि सलग अडीच तास बसूनच द्याव्यात. मी दोन मॉक मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी दिले आणि त्यांच्या तक्त्यांचा मला काहीही उपयोग झाला नाही.