टिनाखालची जिम: जड वजनाला चालेल, ट्रेडमिलला नाही

फी महिना सातशे, बार-प्लेटा दणकट, रॅक दोन आणि वर टिन. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, म्हणून हा रिव्ह्यू फक्त उन्हाळ्यापुरता.

जड उचलायला काही अडचण नाही, हे आधी सांगतो. माझी एका रेपची डेडलिफ्ट (जमिनीवरून बार एकदाच उचलणं) जानेवारीत जेवढी, तेवढीच मे अखेरच्या नवतप्यातही. स्नायू आधीच गरम असतो, वॉर्मअप लवकर उरकतो, आणि तीन-चार सेकंदांच्या जोराने अंग फारसं तापत नाही. खरी फजिती लांब सेट मारताना आणि ट्रेडमिलवर होते. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने अंगातलं पाणी घटतं, मग स्नायूंना पुरं पडायला हृदयाला पळावं लागतं. वेग तोच ठेवा, ठोके चढतच जातात. आतलं तापमान ४० अंशांकडे सरकलं की मेंदूच हात आखडता घेतो. पायात जोर असतो, पण निघत नाही. वजनाच्या २ टक्के पाणी गेलं तरी दम कमी पडतो. माझ्यासारख्या ७५ किलोवाल्याचं ते दीड लिटर झालं, आणि या टिनाखाली तासाभरात तेवढा घाम सहज निघतो.

आणि यांचे दोन्ही कूलर कुठे? रॅकपाशी! ट्रेडमिल पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला. मालकांना विचारलं तर म्हणे, "भाऊ, पॉइंट तिकडंच आहे ना." मे मध्ये हवा कोरडी, म्हणून कूलर निदान काम तरी करतो. पावसाळा लागला की तो नुसता ओलावा फेकतो, घामही वाळत नाही, आणि ३३ अंशांतही जीव कासावीस होतो.

माठ कायम भरलेला असतो, त्याचे पूर्ण मार्क. लिंबू-मीठ घरून आणा.

ट्रेनरवर मात्र राग आहे. नवीन पोरांना भर मे महिन्यात पहिल्याच दिवशी सर्किट, म्हणजे न थांबता एकामागून एक व्यायाम, मारायला लावतो. उन्हाळा अंगवळणी पडायला दहा-चौदा दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, ठोके आटोक्यात राहतात. तोवर निम्मंच करू द्या की! एखाद्याला गरगरलं, मळमळलं तर "कमजोरी आहे" म्हणून हसू नका, कूलरसमोर बसवा.

पाचपैकी तीन. पहाटे साडेपाचची बॅच घ्या. संध्याकाळी सातलाही टिन तापलेलंच असतं. तिमाही फी भरायची तर नोव्हेंबरात भरा.