बॅंजोला कातडं चढवून देणारं हिंगणघाटचं दुकान

आपल्याकडं भजनात बॅंजो म्हणतात ती बटणांची पेटी. माझा आहे पाच तारांचा अमेरिकन बॅंजो, तोंड डफासारखं. अमेरिकन बॅंजोवादक अर्ल स्क्रग्ज ऐकला आणि दोन हंगाम पैसे साठवून घेतला. दिवाळीत त्याचं प्लास्टिकचं पान फाटलं. नागपूरच्या एका दुकानात म्हणाले, सुटं पान मिळत नाही, नवाच घ्या.

मग हिंगणघाटला कापूस घालून परतताना तबला-ढोलकी दुरुस्तीच्या एका दुकानात शिरलो. मिस्त्रीकाकांनी हे वाद्य कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आधी वाजते कसं, ते आयकवा." मोबाइलवर स्क्रग्जचं १९४९ चं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही धून लावली. तीनदा ऐकलं त्यांनी. "हे प्लास्टिक नाही बाप्पा, चामडं बोलून राहिलं." बरोबरच होतं! बॅंजोवर प्लास्टिक आलं ते १९५० च्या दशकाच्या शेवटी.

मग मांडीवर बोटं आपटत तीन-तीन-दोन मोजलं आणि म्हणाले, "हा त केरव्यात बसते." अंगठा आणि दोन बोटांची ती फिरत स्क्रग्जला दहाव्या वर्षी सापडली होती. मी त्यांना सगळं सांगितलं: नॉर्थ कॅरोलायनातला कापसाचा मुलूख, चार वर्षांचा असताना वडील गेले, युद्धकाळात तिथल्याच शेल्बी गावच्या सूतगिरणीत काम, डिसेंबर १९४५ मध्ये गायक बिल मन्रोच्या ताफ्यात, १९४८ मध्ये त्याच ताफ्यातल्या लेस्टर फ्लॅट या गायकासोबत बाहेर. काकांचा हात थांबलाच होता.

बकऱ्याचं पातळ कातडं रात्रभर भिजवून त्यांनी कड्यावर ओढलं, सावलीत वाळवलं आणि कड्याला ओढून धरणारे समोरासमोरचे आकडे (हुक) थोडेथोडे आवळत नेले. घाई अजिबात नाही. आता प्लास्टिकची चरचर गेली. आवाज गोल येतो, आखूड पाचवी तारही मोकळी बोलते. भजनात पहिल्यांदा वाजवला तेव्हा खंजिरीवाल्यानं मान वर करून पाहिलं.

उणीव एकच, आठ दिवस सांगून बावीस लावले. लग्नसराईच्या ढोलक्या आधी, हे त्यांनी तोंडावर सांगायला हवं होतं. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं, त्यासाठी आकडे फिरवायची चावी त्यांनी सोबत दिली आणि ढोलकीसारखं शेकायचं नाही, असं दोनदा बजावलं. नऊशे रुपये घेतले. पाचपैकी साडेचार. जायचं तर दुपारनंतर जा, आणि ज्या आवाजाची हौस आहे तो मोबाइलमध्ये घेऊन जा.