वावरातला सोलरवाला सिम कॅमेरा : दिवसा झकास, रात्री निरा चौकोन

राजेहो, संत्र्याच्या बागेत लावायले सिमवाला सोलर कॅमेरा घेतला, वरुडच्या एका दुकानातून, ३ मेगापिक्सलचा, डब्ब्यावर मोठ्ठ्या अक्षरात नाईट व्हिजन लिहिलेलं. कंपनीचं नाव नाई सांगत, काहून की स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांची हीच गत आहे. आमच्याकडे बोअरची केबल तांब्यासाठी कापून नेतात, अन आंबिया बहार तोडणीले आला की मालही जाते, रोज रात्री जागलीले कोण जाईल?

दिवसा तक्रार नाई. २० फुटावरचा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येते, फाटकापाशी गाडी उभी असली तर नंबर वाचता येते. पॅनल चांगलं आहे, पावसाळ्यातही बॅटरी टिकली. सायरन हाये, पण रानडुकरं दोन-चार दिवस पळतात अन मग त्यायले सवय होते.

आता रात्रीचं. केबल गेलीच, अन क्लिपही आली. दोन जण सरळ कॅमेऱ्यासमोरून गेले, एकाच्या खांद्यावर दुपट्टा, अन चेहऱ्याच्या जागी पाच-सहा करडे चौकोन! चौकटीचा शर्ट होता का साधा तेही समजत नाई. दुकानदाराले दाखवलं तर म्हणते "भाऊ, तुमच्याकडे नेट स्लो आहे." अरे बाप्पा, मी क्लिप मेमरी कार्डातून काढून दाखवून रायलो, तिचा नेटशी काय संबंध? नेट स्लो असलं तर लाईव्ह अडकते, कार्डातलं रेकॉर्डिंग नाई बिघडत.

खरी गोष्ट बिटरेटची आहे, म्हणजे कॅमेरा सेकंदाले किती डेटा लिहिते त्याची, अन ते डब्ब्यावर कोणी लिहित नाई. कॅमेरा हरेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवत नसते, एक फ्रेम पूर्ण घेते अन पुढच्या फ्रेममध्ये जेवढं बदललं तेवढंच लिहिते. दिवसा झाडं उभी, धुरा तिथंच, म्हणून थोडक्यात भागते. रात्री उजेड नसला की सेन्सरवर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात, त्यात लाईटवर किडे, वारा सुटला तर पानं, मग कॅमेऱ्याले वाटते की सगळंच बदलून रायलं, पण सेकंदाले डेटा तर ठरलेलाच, मग बारीकसारीक सगळं पुसून टाकते अन चित्राचे तुकडे तेवढे उरतात. मेगापिक्सल ३ चे ५ केले अन बिटरेट तोच ठेवला तर रात्री फायदा काहीच नाई.

एक गंमत सापडली. क्लिप हळूहळू पुढं सरकवत पाहिली तर दर काही सेकंदांनी चित्र एकदम साफ होते अन मग पुन्हा चिखल. ती साफ म्हणजे पूर्ण फ्रेम. तिथंच थांबवून पाहिलं तर दुपट्टेवाल्याच्या मिशा अन कान तरी दिसले, बाकी क्लिपमध्ये तेही नव्हतं. अन पोलीस ठाण्यात द्यायची असली तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, ते आणखी दाबते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सरळ कार्डच न्या.

घरी गोठ्यावर वायरवाला कॅमेरा अन रेकॉर्डर आहे, तोही महागातला नाई, पण त्याच्या मेनूत बिटरेट बदलता येते. १०२४ चा २०४८ केबीपीएस (सेकंदाले एवढे किलोबिट) केला, सेकंदाच्या फ्रेम २५ वरून १५ वर आणल्या, एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत चालू केली, म्हणजे तेवढ्याच डेटात जुन्या एच.२६४ पेक्षा जास्त बसते, अन एक साधा एलईडी बल्ब रातभर चालू ठेवला. बल्बानंच अर्धं काम केलं. आता गोठ्यात कोण शिरलं ते नावानिशी सांगतो. जागा मात्र जास्त लागते, २०४८ नं चोवीस तास रेकॉर्डिंग म्हणजे दिवसाले साधारण २२ जीबी, ६४ च्या कार्डावर तीन दिवसही नाई राहत.

सिमवाल्यात ही सेटिंग ॲपमध्ये नाईच, फक्त एचडी अन एसडी दोन बटनं, तीही लाईव्ह पाहायपुरती. बरं, एचडीत तासभर लाईव्ह पाहिलं तर दीड जीबीच्या पॅकमधला निम्म्यावर डेटा उडते.

मी पाचपैकी अडीच देतो. वावरात डुकरं आली का रोही आले एवढंच पाहायचं असलं तर घ्या, मस्त आहे. चोराचा चेहरा पाहिजे असला तर दुकानात लाईव्ह पाहून भुलू नका, आधी बसवलेल्या कोण्या गिऱ्हाईकाची रात्रीची, कार्डातली क्लिप मागा, अन ॲप उघडून बिटरेट कुठं बदलते ते दाखव म्हणा. आमच्यावाल्याले विचारलं तर म्हणे कंपनीले विचारून सांगतो. अजून विचारूनच रायला.