जळगावात कडक गिअरचं खरं निदान करणारं गॅरेज – पाचपैकी साडेचार स्टार

अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीकडे वळलं की आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये हे गॅरेज आहे. बाहेर ट्रॅक्टरची चाकं पडलेली आणि एखाद-दुसरी जुनी जीप उभी, त्यामुळे स्पोर्ट्स कार घेऊन आलेला माणूस बघूनच पुढे निघून जाईल, पण मी म्हणेन थांबा. आपल्या खान्देशात मॅन्युअल स्पोर्ट्स कार बाळगणारे मोजकेच, आणि अशा गाडीचा गिअर कडक झाला की सगळे एकच सांगतात, पुण्याला न्या नाहीतर मुंबईला न्या. इथले आप्पा (सगळे त्यांना आप्पाच म्हणतात) आधी रोग शोधतात आणि मग पाना उचलतात, एवढ्या एका गोष्टीसाठी हा रिव्ह्यू लिहितोय आणि जरा सविस्तर लिहितोय, कारण त्यांनी काय काय तपासलं ते प्रत्येक मॅन्युअल गाडीवाल्याला माहीत असायला पाहिजे.

गाडी दोन सीटची, रीअर व्हील ड्राइव्ह, सिक्स स्पीड मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. त्रास असा की सिग्नलला उभं राहिल्यावर पहिला पडायचा नाही, रिव्हर्स टाकला की कर्रर्र, आणि थंडीत सकाळी दुसरा गिअर अक्षरशः ढकलावा लागायचा. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्याला यायचं म्हटलं की हात आखडायचा, आणि मागे उसाचा ट्रॅक्टर नाहीतर ट्रक असला की ते धोक्याचंच. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने गाडी चालवूनसुद्धा न बघता सांगितलं, सिंक्रो (गिअर टाकताना आतल्या भागांचा वेग जुळवून देणाऱ्या रिंग) गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवतोच आहोत तर पूर्ण क्लच किटही टाकून घ्या. आकडा लाखाच्या वर.

आप्पांनी पहिले विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" आणि मी सिंक्रो म्हणालो तर म्हणे नाव नको सांगू, त्रास सांग. थंड असताना जास्त होतं का गरम झाल्यावर, एकच गिअर का सगळे, उभ्या गाडीत का चालत्या, क्लच दोनदा मारला की पडतो का. हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यात पहिले काय केलं असेल तर ड्रायव्हरच्या पायाखालची जाड सेव्हन डी मॅट काढून बाजूला ठेवली! मॅट जाड असली की क्लचचं पॅडल शेवटपर्यंत जातच नाही, तेवढा थोडा प्रवास कमी पडला तरी गिअर अडतो. माझ्या गाडीत फरक अगदी किरकोळ पडला, पण फुकटची तपासणी आधी, हे मला फार आवडलं.

मग इंजिन बंद करून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत आणि रिव्हर्स, सगळे गिअर टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हर, लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी), त्यातले बुश यांचा दोष नाही, तिथे काही अडकत असतं तर इंजिन बंद असतानाही कडकच लागलं असतं. इंजिन चालू केलं की मात्र पहिला परत अडला. इथेच अर्धं उत्तर मिळतं, कारण इंजिन बंद असताना मऊ आणि चालू असताना कडक याचा अर्थ बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लच दाबूनही प्लेट थोडी घासत राहते, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणं आत आणणारा दांडा) फिरत राहतो, आणि बिचाऱ्या सिंक्रोला इंजिनशी कुस्ती करत तो शाफ्ट थांबवावा लागतो. नाव सिंक्रोचं बदनाम, आणि दोष क्लचचा.

खात्री करायला त्यांनी दोन गोष्टी केल्या. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबायचं आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो, माझ्या गाडीत वाट बघूनही कर्रर्र झालंच. दुसरं म्हणजे गाडी मागून वर घेऊन नीट स्टँडवर बसवली (नुसत्या जॅकवर नाही, हे महत्त्वाचं, आणि घरी कोणी करून बघू नका), पहिला टाकून क्लच पूर्ण दाबून धरला तरी मागचं चाक जोर धरून फिरत होतं. मला बोलावून दाखवलं. मग म्हणाले आता पॅडल भराभर दोन-तीनदा मार आणि लगेच पहिला टाक. पडला की राव! म्हणजे हायड्रॉलिकमध्ये (पॅडलचा जोर फ्लुइडच्या दाबाने क्लचपर्यंत नेणाऱ्या पाइपांमध्ये) हवा आहे नाहीतर कुठेतरी सील गळतंय, पंप केल्यावर तेवढ्यापुरता दाब तयार होतो.

मग खाली जाऊन स्लेव्ह सिलेंडरचं (त्या दाबाने रॉड सरकवून क्लच सोडवणारा सिलेंडर) रबर बूट थोडं मागे सारलं तर आत ओलं. वर डबीतलं फ्लुइड काळं पडलेलं. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड एकाच डबीतून जातं आणि ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट 4 फ्लुइडचा उकळबिंदू नवं असताना निदान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषलेल्याचा निदान 155, एवढा फरक. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात ट्रॅफिक, त्यात एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप, मग पॅडल मऊ पडणारच. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं पण ब्रेक लागतायत ना मग कशाला, म्हणून कोणी बदलत नाही.

स्लेव्ह सिलेंडर मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवला. माझ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर बसतो म्हणून काम सोपं होतं. ज्या गाड्यांत तो रिलीज बेअरिंगसोबत (क्लचला दाबणारं बेअरिंग) बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या आत असतो तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. बसवण्याआधी आणि बसवून सगळी एअर काढल्यानंतर, दोन्ही वेळा पॅडल दाबल्यावर रॉड किती सरकतो ते स्टीलच्या पट्टीने मोजून मला दाखवलं, फरक डोळ्याला दिसत होता. गाडी परत वर घेतली, पहिला टाकला, क्लच दाबला, चाक थांबलं. पहिला आणि रिव्हर्स दोन्ही एकदम मोकळे.

इथे दुसरा कोणी असता तर बिल करून मोकळा झाला असता. आप्पा म्हणाले गाडी रात्रभर इथेच राहू दे, सकाळी थंड असताना चालवून बघू. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दुसरा गिअर तसाच कडक! म्हणजे दुखणी दोन होती आणि एकमेकांत मिसळली होती, पहिलं काढल्याशिवाय दुसरं नीट दिसणारच नव्हतं.

बायपासवर त्यांनी डबल क्लच करून तिसऱ्यावरून दुसरा टाकला, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, परत क्लच दाबून दुसरा. अलगद पडला. असं करताना शाफ्टची गती आपण जुळवून देतो, सिंक्रोला काम उरत नाही, म्हणून आता प्रश्न सिंक्रोच्या बाजूचा. पण सिंक्रो झिजलाय की त्याला काम करू दिलं जात नाहीये हे तेल बघितल्याशिवाय सांगता येत नाही असं ते म्हणाले. आधीच्या मालकाची बिलं मी फाइलमध्ये जपून ठेवली होती, त्यात गिअरबॉक्सला 80डब्ल्यू-90 जीएल-5 तेल (पहिला आकडा घट्टपणाचा, जीएल हा तेलाचा दर्जा) भरल्याची नोंद सापडली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये 75डब्ल्यू-90 जीएल-4 लिहिलेलं.

हा फरक मला त्यांनी फार छान समजावला. जीएल-5 मध्ये दाब सहन करणारं गंधक-फॉस्फरसचं अॅडिटिव्ह जास्त असतं, ते मागच्या डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे जोरात घासत फिरणाऱ्या तिरक्या दातांच्या गिअरसाठी उत्तम. पण सिंक्रोच्या पितळी रिंगला घासून पकड घ्यायची असते, आणि तेल गरजेपेक्षा निसरडं झालं की ओल्या हाताने घट्ट डबा उघडायला गेल्यासारखं होतं, जोर लावतो पण पकड येत नाही. शिवाय काही जीएल-5 तेलं पितळालाही बरी नसतात. आणि 80डब्ल्यू थंडीत जास्त घट्ट, म्हणून सकाळी त्रास जास्त. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला कंपनीच वेगळं तेल सांगते, त्यामुळे माझं वाचून कोणी डोळे मिटून जीएल-4 ओतू नका, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा.

तेल काढल्यावर ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी चिखल होता, तो चालतो, तुकडे असते तर काळजी. पितळ मॅग्नेटला चिकटत नाही म्हणून तेल काचेच्या बरणीत घेऊन उन्हात धरून बघितलं, सोनेरी चकाकी अगदी थोडी. नवं तेल भरून काही दिवस चालवायला सांगितलं. दुसरा गिअर आता थंडीत पहिल्या दोन-चार शिफ्टला किंचित जाणवतो, नंतर मऊ. रिंग थोडी झिजलेली आहे, पुढेमागे काम निघेल असं त्यांनी तोंडावर सांगितलं, सगळं नव्यासारखं झालं असं खोटं सांगितलं नाही, याचा मला खरंच आदर वाटला. आणि एक सवय सोडायला लावली, चालवताना डावा हात लिव्हरवर टेकवून ठेवायची, त्याने सिलेक्टर फोर्क (आत गिअर सरकवणारा काटा) झिजतो.

पार्ट, फ्लुइड, तेल, मजुरी सगळं धरून 12,000 च्या आत. जुना सिलेंडर पिशवीत घालून हातात दिला.

अर्धा स्टार कापला त्याची कारणंही सांगतो. आप्पा फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतच नाहीत, पार्ट आला का विचारायला भुसावळहून प्रत्यक्ष यावं लागलं. बसायला जागा नाही, समोरच्या टपरीवर चहा घेत उभं राहायचं. पक्कं बिल मागितल्यावरच मिळतं आणि कोणता पार्ट कधी बदलला हे लिहून देत नाहीत, सेकंडहँड गाडीवाल्याला तो कागद किती कामाचा असतो हे माझ्याच फाइलवरून त्यांनी बघितलंय, तर हे त्यांनी सुरू करावंच अशी विनंती. हाताखालची पोरं मात्र गुणी आहेत, सीटवर कव्हर टाकल्याशिवाय गाडीत बसत नाहीत.

जाणार असाल तर संध्याकाळी गाडी सोडा म्हणजे सकाळी थंड इंजिनवर तपासणी होते, मॅन्युअल आणि जुनी बिलं सोबत न्या, आणि तिथे गेल्यावर सिंक्रो, क्लच प्लेट असली नावं घेऊ नका, गिअर कधी अडतो, कुठला अडतो, तेवढंच सांगा.