क्रँक सेन्सर घरी बदलल्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या पेट्रोल गाडीचा क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर (क्रँकशाफ्ट किती वेगाने फिरतोय आणि कुठे आहे हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा) घरी बदलला, त्याला आता बरेच महिने झाले. आधीची लक्षणं ठरलेली होती. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू व्हायचं, चांगलं तापलं की चालता चालता बंद पडायचं. मग स्टार्टर जोरात फिरायचा पण इंजिन पेटायचं नाही, आणि गार झालं की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. नवीन सेन्सर बसल्यापासून हा प्रकार पूर्ण थांबला. मायलेज मात्र होतं तेवढंच आहे, आणि ते बरोबरच आहे. इंजिन चालू असताना सिग्नल नीट येत असेल, तर नवीन सेन्सरमुळे पेट्रोल वाचायचं काही कारण नाही.

बदलण्याचं काम सोपं आहे, खरी अक्कल निदानात लागते. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०३३५ किंवा पी०३३६ कोड दिसला म्हणजे सेन्सर गेलाच असं नाही. त्या सर्किटमधून सिग्नल नीट येत नाही, एवढंच तो कोड सांगतो. गाडी गरम होऊन बंद पडली की लगेच स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघत सेल्फ मारायचा. स्टार्टर फिरतोय आणि आरपीएम शून्य, तर संशय सेन्सरवर, कपलरवर (वायरीच्या टोकाचा प्लग) किंवा वायरवर. आरपीएम दीडशे-दोनशेच्या आसपास दिसत असेल तर सेन्सर बाजूला ठेवा आणि फ्युएल पंप, स्पार्क तपासा. पी००१६ कोड असेल तर आधी टायमिंग बेल्ट किंवा चेन बघावी, ती दाता चुकलेली असू शकते.

पुढची पायरी मल्टिमीटरची. दोन पिनांचा सेन्सर बहुधा इंडक्टिव्ह, म्हणजे आत चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला असतो. त्याचा रेझिस्टन्स साधारण ५०० ते १५०० ओहमच्या पट्ट्यात येतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. थंड असताना आकडा बरोबर आला म्हणून सोडून देऊ नका. हेअर ड्रायरने सेन्सर तापवून पुन्हा मोजा. आतल्या बारीक तारेचा तुटका जोड उष्णतेने उघडतो आणि मीटर ओपन सर्किट, म्हणजे जोडच नाही असं दाखवतो. कोणत्याही पिनेपासून इंजिनच्या धातूपर्यंत कंटिन्युइटी (वीज वाहण्याची सलग वाट) येता कामा नये. तीन पिनांचा हॉल इफेक्ट सेन्सर (गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) ओहमवर मोजायचा नाही, त्यातून काही कळत नाही. तिथे कपलरला सप्लाय (गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थ येतात का ते बघायचं. बॅटरी कमजोर असेल तर इंडक्टिव्ह सेन्सर उगाच बदनाम होतो, कारण त्याचा सिग्नल फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. स्टार्टर रेंगाळला की सिग्नलही मरतो.

आता फिटिंग. इंजिन पूर्ण गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं आवरण) किंवा क्रँक पुलीजवळ असतो. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड लावल्याशिवाय नाही, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. आधी भोवतालची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती भोकातून आत पडते. कपलरचं लॉक जुनं असेल तर ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुटतं. बोल्ट बहुतेक ठिकाणी एकच असतो, १० मिमी सॉकेटचा. सेन्सर अडकला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून थांबा, मग डावी-उजवीकडे हलवत सोडवा. पकडीने सरळ ओढला की डोकं हातात आणि टोक आत, असा घोळ होतो.

काढलेल्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असेल तर भोकातून रिलक्टर रिंगचे (क्रँकशाफ्टसोबत फिरणारी दातेरी चकती, जिचे दाते सेन्सर मोजतो) दातेही टॉर्चने बघून घ्या. दाता मोडला असेल तर नवीन सेन्सरही तोच कोड देईल.

नवीन सेन्सर जुन्याशेजारी ठेवून टोकाची लांबी जुळवाच. टोक आणि दात्यांमधली फट बहुतेक गाड्यांत ०.५ ते १.५ मिमी असते. लांबी थोडी जास्त भरली तर टोक घासून जातं, कमी भरली तर सिग्नल अशक्त. स्वस्तातले सेन्सर नेमके इथेच मार खातात, त्यामुळे मूळ पार्ट नंबरचा सेन्सर घेणंच परवडतं. ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी सील) नवीन, तिला इंजिन ऑइलचा हात. सेन्सर हाताने पूर्ण बसला पाहिजे, बोल्टने ओढून बसवायचा नाही. एम६ बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. बेलहाउसिंग अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे पटकन जातात. शेवटी कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनरने क्रँक रीलर्न करावं लागतं, म्हणजे नव्या सेन्सरचा सिग्नल कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावा लागतो. ते राहिलं तर पी०३१५ येतो किंवा मिसफायरचे खोटे कोड दिसत राहतात.

एवढ्या महिन्यांत तक्रार निघाली ती वायरीची. मूळ क्लिपमध्ये ती सैल बसते, आणि एक्झॉस्टच्या बाजूला झुकली तर इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. उष्णता सहन करणारं स्लीव्ह चढवून वायर ब्रॅकेटला टायने बांधली की प्रश्न मिटतो, पण थोडी ढील ठेवा, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि ताणलेली वायर कपलरपाशी तुटते. ऑइल बदलताना सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवायचं. तिथे ओल लागली तर ओ-रिंग दुमडलेली असू शकते.